उष्टावण राहिलं

बारकी आमच्या घरात तेरा महिने होती. हे आधीच सांगून टाकते. गोष्ट रंगवून सांगायची मला हौस नाही, आणि ऐकणाऱ्यानं शेवटी "अगो बाय!" करून तोंडाला पदर लावावा याची तर त्याहून नाही. बारकी म्हणजे माझ्या धाकट्या जावेची पहिली मुलगी. तिचं नाव बारशाला ठेवलं होतं, पण घरात सगळी बारकीच म्हणायची, मीसुद्धा.

आमचं गाव लांज्यापासून आत, एसटी सोडून दीड तास डोंगर चढायचा. घरात आम्ही तिघी बायका, सासू, मी आणि धाकटी. आमच्या दोघींचे नवरे मुंबईला गोदीत. वर्षाकाठी गणपतीला आले तर आठ दिवस, शिमग्याला आले तर आठ दिवस. माझ्या लग्नाला तेव्हा नऊ वर्षं झाली होती आणि मला मूल नव्हतं. गावानं त्याला एकच शब्द ठेवला होता, तो मला पाठ होता. वर्षाला पंधरा दिवस येणारा नवरा, आणि वांझ मी! कोण बोलणार? तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

पण मी सातवी पास होते, म्हणून गावात बालवाडी निघाली तेव्हा बाई म्हणून मलाच घेतलं. रत्नागिरीला नेऊन आम्हाला महिनाभर शिकवलं. पोर किती महिन्यांचं झालं की त्याला वरचं अन्न सुरू करायचं, काय करायचं, कसं घोटायचं, सगळं. एक वजनकाटा दिला, टांगायचा, खाली कापडाची झोळी. आणि प्रत्येक पोराचं एक कार्ड. त्यावर वर चढत जाणाऱ्या रेघा छापलेल्या. दर महिन्याला पोराचं वजन करून कार्डावर ठिपका द्यायचा, ठिपके जोडायचे. रेघ वर चढते तोवर ठीक. आडवी झाली की घरी जाऊन आईला गाठायचं. खाली आली तर डॉक्टर. एवढं सोपं होतं ते.

देवळाच्या मंडपातल्या वाशाला मी तो काटा टांगायचे आणि गावातल्या आयांना झाडायचे. "पोरगं सहा महिन्यांचं झालं, अजून नुसतं अंगावर पाजतेस? पेजेचं वरचं पाणी म्हणजे अन्न नव्हे गो! खालचा भात घाल, मऊ करून. वरणाचं पाणी घाल. नाचणीचं सत्त्व घाल." बायका हसायच्या, पण ऐकायच्या. माझं तोंडच तसं होतं.

बारकी जन्मली ती शिमगा होऊन पंधरा दिवसांनी. चांगली गुटगुटीत, रडली तर खालच्या वाडीला ऐकू जाईल. सासूनं तिला मांडीवर घेऊन नाक ओढलं, "कुणावर गेलीस गो, नकटे?" मी हात पुढे केले तर म्हातारीनं आधी पोरीच्या गालाला काजळाचं बोट लावलं, मग माझ्याकडे दिलं. मला ते लागलं. पण पोर हातात आल्यावर विसरले, खोटं कशाला बोलू.

आमच्याकडे पोराच्या तोंडात पहिला भात मामानं घालायचा. मामाच्या मांडीवर बसवून, मामानं आणलेल्या वाटीतून. त्याला उष्टावण म्हणायचं. ते झाल्याशिवाय तोंडात दाणा नाही. आणि मुलीचं उष्टावण विषम महिन्यात, पाचव्या, सातव्या, नाहीतर नवव्या. सम महिना मुलग्यांचा. ह्यात वाईट काही नव्हतं, उलट मला तर वाटतं कुणा शहाण्या बाईनंच हे घालून दिलं असेल, की पाचवा-सातवा आला की पोराला भरवायला लागा. पण मामा वेळेवर आला तर.

धाकटीला आईबाप नव्हते. एकच भाऊ, मुंबईला गिरणीत. आणि ते साल गिरण्यांच्या संपाचं. आमच्या पंचक्रोशीतले कितीतरी गिरणीवाले वळकट्या बांधून गावी परत आले. हा आला नाही. मानी होता. भाचीचं पहिलं उष्टावण, मामानं चांदीची वाटी आणायची, आणि ह्याच्या हातात काम नाही. तो पत्र पाठवायचा. पत्र मीच वाचून दाखवायची. पहिल्या पत्रात होतं, "गणपतीला नक्की येतो, तोवर थांबा."

गणपतीला बारकीचा पाचवा चालू होता. दोघे भाऊ आले, गावात घराघरातून झांजा वाजत होत्या. मामा नाही. गौरी-गणपती पाण्यात गेले त्या दिवशी मी वजन केलं. ठिपका अजून बरा होता. मी दिराला म्हटलं, "भावजी, आता तुम्हीच घाला एक घास." तो आईकडे बघायला लागला. एवढा गोदीत पोती उचलणारा बाप्या, पण आईपुढे मांजर! "मामा येतो म्हणालाय ना," सासू म्हणाली, "मग सातव्यात करू."

सातवा लागला तो अधिक महिन्यात. त्या वर्षी अधिक आश्विन आला होता. अधिकात शुभकार्य नाही. अधिक संपला, सातव्याचे बारा दिवस उरले. मी बोटावर मोजून दाखवले. मामाचं पत्र आलं, "दिवाळीला येतो." दिवाळीला आठवा लागत होता. सम. झालं! म्हणजे नववा.

त्या बारा दिवसांत मी सासूशी कडाकडा भांडले. गावात कुणीतरी मानलेला मामा उभा करा म्हटलं, रीत होईल. सासूनं हातातली विळी खाली ठेवली. "सख्खा जिवंत असताना मानलेला? त्याचं मरण मागतेस काय गो?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "माझ्या पहिल्याला उष्टावणाआधी कुणी सत्त्व चाटवलंन. तीन दिवसांत गेला. तुला काय ठाऊक?" मला ठाऊक नव्हतं. नऊ वर्षांत तिनं त्या पोराचं नाव काढलं नव्हतं. पण त्या दिवसापासून मला भीती वाटायला लागली. आधी राग होता, आता भीती.

कारण आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? धाकटी स्वतः काय खात होती? सकाळी पेज आणि सुकट, दुपारी भात आणि कुळथाची पिठी, तेही सगळ्यांचं झाल्यावर, मडक्याच्या तळाचं. पहाटेपासून भातकापणी, वर झोडणी. नवव्या महिन्यात तिच्या अंगावर दूध राहिलंच नव्हतं म्हटलं तरी चालेल. बारकी ओढायची, ओढायची आणि सोडून द्यायची. आधी रडायची. मग रडणंही कमी झालं. शेजारच्या बायका म्हणायच्या, "किती शहाणी गो पोर, आवाज नाही." जी पोर खालच्या वाडीला ऐकू जायची ती आता पाळण्यात पडून नुसती आढ्याकडे बघत राहायची.

काट्यावर घालू देईनात. सासू म्हणायची, "तागडीत पोर टाकायला विकायचंय काय?" मी एकदा सगळी शेतावर गेली असताना बारकीला उचलून देवळात नेलं आणि झोळीत घातलं. काटा गणपतीला होता तिथंच. तीन महिने. मी झोळीला धक्का दिला, काट्याला टिचक्या मारल्या, वाटलं अडकला असेल. मग शेजारच्याच घरातलं, बारकीच्याच वयाचं एक पोरगं झोळीत घालून बघितलं. काट्याला काही झालं नव्हतं.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, ते मीच. साऱ्या गावाला झाडत होते आणि माझ्याच घरात कार्डावरची रेघ आडवी झाली होती. ते कार्ड मी घरी आणलंच नाही. देवळातल्या पेटीत सगळ्यांच्या खाली घालून ठेवलं.

नवव्यातही मामा आला नाही. पत्र सुद्धा नाही.

मग मी चोरी केली. रोज सकाळी बालवाडीला निघताना मी म्हटलं, "हिला नेते, तुमच्या कामात अडचण होते." मला वाटलं होतं सासू नाही म्हणेल. ती म्हणाली, "ने." बस. काजळ लावलंन आणि दिलंन. चुलीच्या वैलावर एक लहान तपेली असायची, तिच्यात मऊ भात उरलेला असायचा. मी तो केळीच्या पानात बांधून कमरेला खोवायचे. देवळामागं मोठं फणसाचं झाड आहे, त्याच्या मुळावर बसून बारकीला बोटानं भरवायचे. पहिल्या दिवशी तिनं जिभेनं बाहेर ढकललंन. दुसऱ्या दिवशी तोंड वेडंवाकडं करून गिळलंन. आठव्या दिवशी मी पदराला हात घातला की तिचं तोंड उघडायचं. एवढंसं तोंड, आत खाली दोन दात. मी हसायची, रडायची, आणि चारी बाजूंना बघायची. कारण मी कोण? वांझ. वांझ बाईनं दुसरीच्या पोरीला, उष्टावण न झालेल्या पोरीला, देवळामागं चोरून भरवलं हे कुणी बघितलंन असतं तर गावात मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

महिना-दीड महिना असं चाललं. काटा हलला. थोडाच, पण वर. मी कार्ड काढून ठिपका दिला. बारकी पुन्हा रडायला लागली, आणि त्या रडण्याचा मला एवढा आनंद की काय सांगू! धाकटी म्हणायची, "आक्का, हिला आता जरा बरं वाटतंय." धाकटीलाही मी सांगितलं नव्हतं. तिच्या पोटात काही राहायचं नाही.

माघात बारकीला हगवण लागली. त्या दिवसांत विहिरी तळाला जातात, पाणी गढूळ, अर्ध्या वाडीच्या पोरांना लागली होती. मीच घरोघरी मीठ-साखरेचं पाणी पाजा म्हणून सांगत फिरत होते. पण आमच्या अंगणात वरच्या घरातली एक म्हातारी येऊन बसली, साऱ्या गावच्या बातम्या पोचवणारी. तिनं पोरीचं दुपटं उलगडून बघितलंन आणि म्हणाली, "ह्यात भाताची कणी हाय. उष्टावण कधी केलात?"

मी दारात उभी होते.

सासू ताडकन उठली. एवढी ओरडली की गोठ्यातली जनावरं उठून उभी राहिली. "कोणी घातलंन? कोणी घातलंन माझ्या पोरीला? हात झडतील तिचे!" बघत होती ती माझ्याकडे नाही, धाकटीकडे. धाकटी म्हणाली, "आये, देवाशपथ मी नाय." वरच्या घरातली म्हातारी माझ्याकडे बघून हसली. म्हणाली, "आईच्या हाताचं बाधत नाय. ज्या हाताला पोर नाय, त्याचं बाधतं."

सासू तिला काही बोलली नाही. मी, जी अख्ख्या गावाला झाडायची, ती दाराची चौकट धरून उभी राहिले आणि धाकटीनं माझ्यासाठी शिव्या खाल्ल्या.

बारकी चार दिवसांत बरी झाली. पाण्यानंच झालं होतं ते. मला माहीत होतं, मला शिकवलं होतं. तरी मी तिला भरवायचं थांबवलं. एकाच गोष्टीला भ्याले. उद्या हिला दुसरंच काही झालं तर गाव म्हणेल, वांझेनं खाल्लंन. आणि मनात असंही आलं की सासूचा पहिला मुलगा खरंच तसा गेला असेल तर? शिकलेलं सगळं त्या एका अंगणात वाहून गेलं.

गंमत म्हणजे त्यानंतरही सासू मला बारकी बालवाडीत न्यायला देत होती. मी म्हणायची, "नको, राहू दे घरीच." आणि वैलावर तपेलीत मऊ भात रोज उरत होता. रोज. मी तो मागच्या अंगणात कोंबड्यांना टाकायचे. त्या वर्षी आमच्या कोंबड्या अशा माजल्या होत्या की लोक विचारायचे काय घालता म्हणून.

बारकी पहिल्यासारखी परत शहाणी झाली. आवाज नाही. पाय काटक्या, पोट पुढं, डोक्यावरचे केस तांबूस आणि विरळ. मी डॉक्टरकडे न्यायचं म्हटलं, सासू म्हणाली, "अकरावा गेला तो गेला. शिमग्याला मामा येतोय, पत्र आलंय, तेरावा लागतोय, सगळं नीट होईल." ते पत्र मीच वाचलं होतं.

मामा ह्या वेळी आला. शिमग्याच्या गर्दीत, अंगावर सैल झालेला शर्ट, गाल बसलेले. हातात चांदीची वाटी. कुठून आणलीन, काय विकलंन देव जाणे. धाकटी त्याच्या गळ्यात पडून रडली. दुसऱ्या दिवशी उष्टावण. ओटीवर पाट मांडला, समई लावली, वाडीतल्या बायका आल्या, वरच्या घरातली म्हातारीही. बारकीला नवं झबलं घातलं, ते खांद्यावरून घसरत होतं. मामानं मांडीवर घेतलंन आणि त्याचा चेहराच उतरला. "एवढी हलकी?" तो म्हणाला.

त्यानं वाटीतला भात बोटावर घेऊन तिच्या ओठांना लावलान. बारकीनं ओठ मिटून घेतले. मी मागं खांबाला टेकून उभी होते. तिनं मान वळवलीन. ती मान तिला धरवत नव्हती, तरी वळवलीन, तिची नजर बायकांच्या घोळक्यातून हळूहळू शोधत माझ्यापर्यंत आली, आणि माझ्याकडे बघून तोंड उघडलंन.

सगळ्यांनी बघितलं. धाकटीनं बघितलंन. मला वाटलं आता जमीन फाटावी. मामाचं बोट तिच्या गालाशी तसंच राहिलं होतं आणि ती माझ्याकडे तोंड उघडून थांबली होती. तिला ठाऊक होतं भात कुणाकडे असतो. दोन महिने झाले होते, तरी विसरली नव्हती.

"जा," सासू म्हणाली. "घाल तिला."

मी घातला. तीन घास खाल्लेन. त्यानंतर महिनाभर मी तिला उजळमाथ्यानं भरवत होते, दिवसातून पाच वेळा, वरण, नाचणी, कोंबडीचं अंडं, हाताला लागेल ते. एक शब्द कुणी बोललं नाही. पण चैत्राच्या शेवटाला वाडीत गोवर आला. वाडीतल्या सगळ्या पोरांना आला आणि सगळी उठून खेळायला लागली. गोवर अंगात मांस असलेल्या पोराला आठ दिवस लोळवतो. बारकीकडे त्याला द्यायला काही नव्हतं. पाचव्या दिवशी दुपारी गेली, माझ्या मांडीवरून धाकटीच्या मांडीवर घेतली तेवढ्यात.

कार्डावर शेवटचा ठिपका मी दिला नाही.

दोन वर्षांनी धाकटीला मुलगा झाला. तो आता उंचापुरा आहे, मला ओटीवर चढताना हात देतो. तो पाच महिन्यांचा झाला तेव्हाची गोष्ट. मामाला आम्ही पत्र लिहिलं होतं की नाही तेही मला आठवत नाही. एका सकाळी मी चुलीपाशी बसले होते. सासू पोराला घेऊन आली आणि माझ्या मांडीवर ठेवलंन. काजळ लावलं नव्हतं. वैलावरची तपेली उचलून तिनं माझ्यापुढे ठेवलीन, झाकण काढलंन. आत मऊ भात, घोटलेला, वर तुपाचा थेंब.

"ह्याला आजपासून घाल," ती म्हणाली. "महिना बघू नको. मामा बघू नको."

मी तिच्याकडे बघतच राहिले. ह्या तपेलीत तेव्हाही असाच भात असायचा. घोटलेला. उरलेला भात कधी घोटलेला असतो काय? एवढी सातवी शिकलेली मी, मला ते तेव्हा दिसलं नव्हतं.

"आये, तुम्हाला ठाऊक होतं?"

म्हातारीनं चुलीत लाकूड सारलंन. धुरानं असेल, डोळे पुसलेन. "मी उघड कशी घालणार होते? माझा एक गेलेला. तुझ्या हाताला यश येत होतं, म्हणून बघितलं नाय. त्या दिवशी ओरडले ती वरच्या घरातली ऐकत होती म्हणून." पोरानं माझ्या पदराला हात घातला होता, भुकेनं कुरकुरत होता.

"भात तर मी रोज ठेवीत होते," सासू म्हणाली. "तू थांबलीस कशाला?"